आमची मुलं हसवतात, मग लिहीत का नाहीत?

गेल्या रमज़ानमधली गोष्ट. तरावीह होऊन गेली होती. सहेरीची तयारी करून मी जरा टेकले होते, तेवढ्यात एका माजी विद्यार्थ्याचा व्हिडिओ मोबाईलवर आला. दहावीपर्यंत हा मुलगा माझ्या वर्गात होता. आता नई जिंदगी भागात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. व्हिडिओत त्याने आईची ओढणी डोक्यावर घेतली होती, हातात वीजबिल होते आणि तोंडात अस्सल सोलापुरी दखनी. अम्मी बिलालाच जाब विचारते आहे की पंखा एक, बल्ब दोन, मग एवढे युनिट खाल्ले कोणी? भिंतीपलीकडून शेजारीण शांतपणे सांगते, आमच्या फ्रीजने. चाळीस सेकंदांचा मामला. मी हसले. हसताना तोंडाला पदर लावणारी माझी सासूही हसली आणि म्हणाली, पुन्हा लाव.

खाली निरोप होता : “टीचर, मुंबईसे बुलावा आया. चॅनलवाले देखे.”

ईदनंतर तो मुंबईला गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभा होता. काय झाले ते त्याने उभ्या उभ्या सांगितले. तिथल्या लोकांनी त्याच्याकडून वीजबिलाचा प्रसंग करून घेतला. हसले. मग म्हणाले, मजा आहे, पण अजून थोडं ‘मुस्लिम’ करा. डोळ्यांत सुरमा घाला. टोपी घाला. प्रत्येक वाक्याला ‘या अल्लाह’ लावा. वीजबिल राहू द्या, त्याऐवजी चार बायका आणि डझनभर पोरं घ्या, एखादा बकराही येऊ द्या. मुलाने तेही केले. त्यानंतर एकाने सहज विचारले, “आणखी काय लिहून आणलंय?”

“मेरे कने लिखा हुआ कुछ नै था, टीचर,” तो म्हणाला. “मैं बोला, तीस हजार फॉलोअर हैं. वो बोले, ठीक है, कागज किधर है?”

त्याला ‘कळवू’ असे सांगण्यात आले. अजून कळवलेले नाही.

ही हकीकत मी चार ठिकाणी सांगितली आणि चारही ठिकाणी लोक पहिल्या भागावर संतापले. टोपी, सुरमा, बकरा! आपल्याला ते असेच पाहतात! संताप खरा आहे, त्यात मीही सामील आहे. पण ‘कागद कुठे आहे?’ या प्रश्नावर एकही जण थांबला नाही. जणू तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता. मला मात्र तोच प्रश्न रात्री झोपू देत नाही. कारण त्या मुलाला सात वर्षे मराठी आणि उर्दू शिकवणाऱ्यांत मी होते. त्याच्याकडे कागद नव्हता याची जबाबदारी त्या वाहिनीवर टाकता येणार नाही.

आज सोलापुरात, लातूरमध्ये, औशात, मालेगावात, भिवंडीत आमच्या मोहल्ल्यांतली शेकडो मुले मोबाईलवर विनोदी व्हिडिओ करतात. त्यांना टीव्हीवर जायचे आहे. कुणाला स्किट लिहायचे आहे, कुणाला मालिकेचे संवाद लिहायचे आहेत, आणि बहुतेकांना लिहिणे व दिसणे यांतला फरकच माहीत नाही. यावर समाजाची दोनच मते ऐकू येतात. एक, हे सगळे नाचगाणे बंद करा, नमाज़ पढा, धंदा पाहा. दुसरे, वा, आपला पोरगा फेमस झाला! मला ही दोन्ही मते मान्य नाहीत.

प्रथम बुजुर्गांशी बोलते. हसवणे हे वाईट काम आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच वारसा वाचलेला नाही. उर्दू वर्गात आम्ही तंज़-ओ-मिज़ाह शिकवतो. पतरस बुखारी शिकवतो. ते स्वतः प्राध्यापक होते आणि पुढे ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक झाले. म्हणजे विनोद लिहिणारा मास्तर प्रसारणाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसल्याला ८० वर्षांहून अधिक काळ लोटला. सोलापूरहून रेल्वेत बसले की काही तासांत गुलबर्गा येते. तिथल्या सुलेमान खतीब यांनी दखनी बोलीत हुंड्यावर, गरिबीवर, सासू-सुनेवर कविता लिहिल्या आणि मुशायरे डोक्यावर घेतले. त्याच गुलबर्गा जिल्ह्यात जन्मलेले मुज्तबा हुसेन हैदराबादच्या ‘सियासत’मध्ये विनोदी सदर लिहू लागले आणि २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जालन्यात जन्मलेले युसूफ नाझिम आयुष्यभर मिज़ाह लिहीत राहिले. मराठीकडे या. पेशवाईतले सगनभाऊ आपले. १९१६ साली बार्शीत जन्मलेले, आणि आपल्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारे शाहीर अमर शेख आपले. ही माणसे लोकांसमोर उभी राहिली म्हणून कुणाचा ईमान गेला नाही.

धर्माचे नाव घेणार असाल तर तेही पुरते घ्या. रसूलुल्लाह (स.) यांनी एका वृद्धेशी केलेली थट्टा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. म्हाताऱ्या जन्नतमध्ये जाणार नाहीत म्हटल्यावर ती रडवेली झाली, तेव्हा त्यांनी खुलासा केला की तिथे सगळ्या तरुण होऊनच जातील. थट्टा होती, पण खोटी नव्हती आणि ऐकणारीची इज्जत राखून होती. दुसरीकडे सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्या समूहाची टर उडवू नये अशी सक्त ताकीद आहे, आणि तिथे स्त्रियांचा वेगळा उल्लेखही आहे. मिज़ाह वेगळा, तमस्खुर वेगळा. हसणे आणि हिणवणे यांतली ही रेघ आमच्या भाषेत शतकानुशतके आखलेली आहे. मोबाईल हातात असलेल्या मुलाला ती रेघ दाखवायची सोडून त्याच्या हातातला मोबाईल हिसकावून घेणे हा आळशीपणा आहे.

आई-बापांची भीती मात्र मी आळशीपणा मानत नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये मुनव्वर फारूकी या डोंगरीत वाढलेल्या विनोदवीराला कार्यक्रमातून उचलून अटक करण्यात आली. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, तोवर तो महिनाभर तुरुंगात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूचा त्याचा कार्यक्रम पोलिसांच्या सांगण्यावरून रद्द झाला. हे पाहून आपल्या पोराला ‘नक्को बाबा’ म्हणणाऱ्या आईला मी भित्री कशी म्हणू? तोच मुनव्वर जानेवारी २०२४ मध्ये ‘बिग बॉस’चा सतरावा हंगाम जिंकला हेही खरे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोकणी माणसांवर केलेल्या एका शेऱ्याबद्दल त्याला माफीही मागावी लागली. ज्याला हिणवले गेले आहे, तोही दुसऱ्याला हिणवू शकतो. म्हणून म्हणते, रेघ सगळ्यांनाच शिकावी लागते.

आता मुलांशी. तुम्ही चिडाल, तरी ऐका.

तुम्हाला वाटते, फॉलोअर वाढले की टीव्हीचे दार उघडते. उघडते कधी कधी, पण ते दार कोणाचे ते पाहा. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण टिकटॉकवर गाजला. अत्यंत गरिबीतून आलेला हा मुलगा ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’ जिंकला आणि २०२५ मध्ये त्याला नायक करून ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट निघाला. त्याचे कौतुक केलेच पाहिजे. पण त्याला दार उघडले ते त्याच्या चेहऱ्याला आणि स्वभावाला. चित्रपटाची संहिता मात्र कागदावर लिहावी लागली आणि लिहिण्याच्या कामाचे पैसे वेगळे असतात. अशी एक गोष्ट घडते तेव्हा हजारो मुले तशीच वाट चालू लागतात आणि हजारोंसाठी ती वाट नसते.

२९ जून २०२० ची संध्याकाळ आठवा. केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. माझ्या माहितीतल्या एका मुलाची दोन वर्षांची मेहनत त्या एका रात्रीत नाहीशी झाली. व्हिडिओ गेले, फॉलोअर गेले, आणि कागदावर काही नव्हतेच म्हणून विनोदही गेले. त्याला स्वतःचेच संवाद आठवेनात. त्या मुलाने जर शंभर पानांची एक वही भरली असती, तर कोणत्या सरकारने ती बंद केली असती?

आणि आकड्यांचा हिशेब करा, तुम्ही गणितात माझ्यापेक्षा हुशार आहात. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशांतला वाटा मिळायचा तर १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४,००० तास लोकांनी तुमचे व्हिडिओ पाहिलेले लागतात. नाहीतर छोट्या व्हिडिओंना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. ही फक्त उंबरठ्याची उंची झाली, कमाई त्यापुढे. या आकड्यांच्या मागे धावताना तुमच्या विनोदाचे काय होते ते मी पाहिले आहे. ओढणीचा व्हिडिओ चालला की दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढणी. अम्मीने चप्पल फेकली की लोक हसतात, म्हणून तिसऱ्या दिवशी दोन चपला. वीजबिल गायब होते, शेजारीण गायब होते, आणि उरते ती फक्त किंचाळणारी, अडाणी, बुरख्यातली बाई. ज्या अम्मीने तुमच्यासाठी दुसऱ्यांचे कपडे शिवले, ती कधी एवढीच होती का? मुंबईत तुम्हाला सुरमा घालायला सांगितला म्हणून तुम्ही दुखावलात. पण बाळांनो, ओढणी तर तुम्ही घरूनच घालून गेला होता.

हे मी चीड म्हणून नाही, काळजी म्हणून लिहिते. त्या पहिल्या व्हिडिओतली अम्मी खरी होती. ती हुशार होती. बिलाला जाब विचारत होती. तिच्यावर नाही, तिच्याबरोबर आम्ही हसलो. ती अम्मी टिकवायची असेल तर तिला लिहावे लागेल. लिहिताना माणसाला थांबावे लागते, आणि थांबले की पुढचे वाक्य सुचते. कॅमेरा थांबू देत नाही.

कादर खान यांचे नाव तुम्हाला गोविंदाच्या सिनेमांमुळे माहीत आहे. त्यांना ब्रेक कसा मिळाला ते ऐका. कामाठीपुऱ्याच्या गरिबीत वाढलेला हा माणूस भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत होता. फावल्या वेळात नाटके लिहायचा आणि बसवायचा. ‘लोकल ट्रेन’ हे त्याचे नाटक स्पर्धेत गाजले, ते पाहून दिग्दर्शक नरेंद्र बेदी यांनी त्याला ‘जवानी दीवानी’चे संवाद लिहायला बोलावले. तो चित्रपट १९७२ साली आला. चेहरा नंतर आला, आधी कागद होता. शिक्षक होता, मोहल्ल्याची बोली कानात होती, आणि हातात लिहिलेले नाटक होते.

तुम्ही म्हणाल, तो जमाना गेला. मग आजच्या मराठी वाहिन्या पाहा. झी मराठीवरचा ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झाला, दहा वर्षे चालला, मार्च २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा आला. सोनी मराठीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ साली सुरू झाली. या कार्यक्रमांना दर आठवड्याला नवी स्किटे लागतात. ती कोण लिहिते? ज्यांनी एकांकिका स्पर्धांत वर्षे काढली, ज्यांच्या बॅगेत चाळीस-पन्नास संहिता पडून आहेत आणि ज्यांना दिग्दर्शक म्हणाला ‘शेवट जमला नाही’ तर रातोरात दुसरा शेवट लिहिता येतो, असे लोक. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. अशा स्पर्धांच्या मांडवात आमची किती मुले दिसतात? सोशल मीडियातून खरोखर वर आलेल्यांचेही तेच. ‘भारतीय डिजिटल पार्टी’ २०१६ साली यूट्यूबवर सुरू झाली, ती नाटकात आणि सिनेमात हात घासलेल्या लोकांनी. मोबाईलने त्यांना प्रेक्षक दिला. लिहायला मोबाईलने शिकवले नाही.

आपल्याच घरातले उदाहरण हवे असेल तर मालेगाव घ्या. यंत्रमागांच्या गावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी उसन्या कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. त्यांच्यात फरोग जाफरी यांच्यासारखा लेखक होता, ज्याला आपण लेखक आहोत हे ठाऊक होते. २००८ साली फैज़ा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. पुढे त्याच मालेगावच्या छोटू दादाच्या व्हिडिओंना यूट्यूबवर अफाट प्रेक्षक मिळाला. मोबाईलने गरिबाला दार उघडले हे मी नाकारत नाही. मुंबईचे तिकीट न काढता माणूस आज मुंबईला दिसतो. मात्र दिसल्यावर ‘पुढे काय?’ असे विचारतात, तेव्हा उत्तर वहीत असावे लागते.

आता टीव्हीवाल्यांकडे वळते. त्यांना मी सोडणार नाही. मराठी विनोदी कार्यक्रमांत मुसलमान पात्र आले की ते बिर्याणी, बकरा किंवा अत्तर घेऊनच येते. ते धड हिंदी बोलत नाही, धड मराठी नाही. सोलापूरचा बागवान असो, कोकणातला नाखवा असो की मराठवाड्यातला पिंजारी, सगळ्यांच्या तोंडी मुंबईच्या सिनेमातली तीच एक ‘भाई’ची बोली. आमच्या घरांत मराठी बोलली जाते हे त्यांना माहीतच नाही का? माहीत नसेल तर करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा २०१६ चा ‘सैराट’ पाहावा. त्यातला सल्या, म्हणजे सलीम, सगळ्यांसारखीच गावाकडची मराठी बोलतो. मित्रासाठी धावतो, चेष्टा करतो, मार खातो. त्याच्यावर हसायला टोपी लागत नाही, त्याच्यासाठी रडायलाही लागत नाही. मंजुळेंनी हे कुठल्या सर्वधर्मसमभावाच्या परिपत्रकावरून केलेले नाही. ते सल्यासोबत वाढले होते म्हणून त्यांना तसे लिहिता आले.

टीव्हीवर तसे का होत नाही? लिहिणाऱ्यांच्या खोलीत सल्यासोबत वाढलेला माणूस नसतो म्हणून. आणि स्वतः सल्या तर नसतोच. त्या खोलीत आमचे कुणी नसेल तर टेबलावर दरवेळी बकराच येणार. निषेधाची पत्रके काढून बकरा जात नाही. मी पत्रकांवर सह्या केलेल्या आहेत, म्हणून सांगते. तो जाईल तेव्हाच, जेव्हा वीजबिलाची अम्मी लिहून घेऊन कुणीतरी त्या खोलीत बसेल आणि म्हणेल, साहेब, हे त्याहून जास्त हसवते.

आता शेवटी आपल्याकडे, म्हणजे माझ्याकडेही.

मी बी.एड. केले तेव्हा भाषाशिक्षणाची चार कौशल्ये पाठ केली : श्रवण, भाषण, वाचन, लेखन. आमच्या उर्दू शाळांत मराठीला आम्ही यांतले किती देतो? कायद्याचा प्रश्न नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. आमच्या शाळांत तर ती आधीपासून होतीच. ‘सुगमभारती’ येते, ‘अक्षरभारती’ येते, मुले ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठ करतात आणि पास होतात. त्या निबंधात जो पाऊस पडतो तो नई जिंदगीत कधी पडलेला नाही. तिथे पाऊस पडला की गटार घरात येते, अब्बा बादली घेऊन उभे राहतात आणि शेजारचा चाचा पाणी आपल्याकडे ढकलतो म्हणून भांडण होते. हे लिहिले तर आम्ही लाल रेघ मारतो. मुलाला कळते की लिहायचे असते ते खोटे, आणि खरे जे असते ते मोबाईलवर करून दाखवायचे. आमच्या मुलांनी वही सोडून कॅमेरा का धरला, याचे उत्तर आमच्या लाल पेनात आहे.

सोलापूर हे चार भाषांचे गाव. एकाच रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. मराठीतला ‘नको’ आमच्या घरात ‘नक्को’ होऊन राहिला, इतक्या या भाषा एकमेकींच्या सोयरिकीत आहेत. विनोदी लेखकाला याहून मोठी इस्टेट काय हवी? एक माणूस कन्नडमध्ये भाव विचारतो, दुसरा दखनीत सांगतो, तिसरा मराठीत भांडतो आणि हिशेब तेलुगूत मिटतो. हे मुंबईच्या लेखकाला सुचणार नाही. आमच्या मुलाला सुचावे लागतच नाही, तो ते रोज जगतो. फक्त ते मराठी कागदावर उतरवायचे, आणि पात्राच्या तोंडची दखनी तशीच्या तशी देवनागरीत ठेवायची, एवढे त्याला कुणी शिकवलेले नाही.

आणि आपले साहित्यिक? १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्या सोलापुरात भरले. तेव्हा मी रांगत होते. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी खस्ता खाल्ल्या म्हणून माझ्यासारखी उर्दू शाळेतली बाई आज मराठीत लिहिण्याचे धाडस करते. ते ऋण मान्य करूनच विचारते. या सगळ्या वर्षांत आपण वेदना लिहिली, दंगली लिहिल्या, तलाकचे प्रश्न लिहिले, दारिद्र्य लिहिले. लिहायलाच हवे होते. पण आपले हसणे किती लिहिले? ज्या वार्षिकात हा लेख येतो आहे त्याच्यासह आपल्या सर्व अंकांनी विनोदाला किती पाने दिली? संमेलनात कथा, कविता, परिसंवाद असतात, विनोदी एकांकिकेची स्पर्धा का नसते? आपण मुलांना फक्त रडण्याची जागा दिली. हसण्यासाठी ती इन्स्टाग्रामवर गेली तर दोष कुणाचा?

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगणार नाही. फार बोलत नाही. तिची मराठीची वही तपासताना मागच्या पानांवर मला एक संवाद सापडला. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीऐवजी तिची दादीच प्रश्न विचारू लागते. पगार किती, पान खाता का, आईसमोर आवाज चढवता का? सात पाने. शुद्धलेखनाच्या चुका शंभर असतील, पण एक वाक्य वाया गेलेले नाही. मी विचारले, हे कुणाला दाखवलेस? म्हणाली, कुणालाच नाही, घरी व्हिडिओ करायला मनाई आहे.

या मुलीचे काय? आपण सारे ब्रेक म्हणजे कॅमेरा असेच मानत राहिलो तर तिच्यासाठी कुठलेच दार नाही. मुलगे निदान तिच्या आईची ओढणी घालून तिची नक्कल तरी करतील. तिला स्वतःच्या ओढणीत राहूनही काही सांगता येणार नाही. आणि लेखकाला तर चेहरा लागतच नाही! तो सोलापुरात घरी बसून लिहू शकतो, लिहू शकते. ज्या आईबापांना मुलीने पडद्यावर जाऊ नये असे वाटते, त्यांच्याशी मी आज भांडत नाही. त्यांना एवढेच विचारते की वहीला कसली मनाई आहे?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. मुलांनो, प्रत्येक व्हिडिओआधी तो लिहा. प्रसंग, पात्रे, संवाद, शेवट. दहा मिनिटांची दहा स्किटे पूर्ण झाल्याशिवाय मुंबईचे तिकीट काढू नका. कुणाला तोंडी कल्पना सांगत बसू नका. नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क सांगता येत नाही, लिहिलेल्या मजकुरावर सांगता येतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झाले की संहिता ऑनलाइन नोंदवता येते, त्याची तारखेसह नोंद राहते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन लेखकाच्या रॉयल्टीच्या हक्काला बळ मिळाले, ते वाचून ठेवा. शिक्षकांनो, वर्षातून एकदा गॅदरिंगमध्ये मुलांनी स्वतः लिहिलेले मराठी स्किट होऊ द्या आणि त्या दिवशी लाल पेन घरी ठेवा. संपादकांनो, पुढच्या अंकात एक विनोदी एकांकिका छापा. मानधन कमी असले तरी चालेल, नाव मोठ्या अक्षरांत छापा.

सोलापुरात नाटक पाहायला आपण हुतात्मा स्मृती मंदिरात जातो. ज्या हुतात्म्यांची आठवण ते नाव जपते, त्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते. सोलापूरचा एक कोवळा मुसलमान तरुण शंभर वर्षांपूर्वी छापलेल्या कागदावर विश्वास ठेवून उभा होता. त्याच्या नावाच्या रंगमंचावर आमच्या पोरांनी लिहिलेले एखादे विनोदी नाटक यावे, एवढी माझी इच्छा आहे. लोकांनी पोट धरून हसावे आणि घरी जाताना अम्मीची आठवण काढावी.

मोबाईलच्या दुकानातला तो मुलगा आता रविवारी सकाळी येतो. नववीतल्या मुलीची सात पाने मी तिच्या परवानगीने, नाव झाकून, त्याला वाचायला दिली. वाचून तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, “टीचर, ये जो भी है, मेरे से अच्छा लिखती.” मग त्याने वीजबिलाचा प्रसंग लिहायला घेतला. पहिल्याच ओळीवर अडला आणि विचारले, ‘वीज’मधला ‘वी’ पहिला की दुसरा? मी म्हटले, दुसरा. त्याने खोडून दुरुस्त केला आणि पुढे लिहू लागला.